अकरा चेंडूंत चार

२ एप्रिल २०११, वानखेडे, कुलसेकराचा चेंडू आणि लाँगऑनवरून प्रेक्षकांत गेलेला धोनीचा षटकार. हे चित्र आता चहाच्या टपरीपासून क्रिकेट अकादमीच्या फाटकापर्यंत कुठेही टांगलेलं दिसतं. खाली काही लिहिलेलं नसलं तरी बघणारा मनात एकच शब्द वाचतो, 'फिनिशर'. सामना संपवावा तर असा! माझं भांडण त्या षटकाराशी नाही. तो मीही नाचत पाहिला. भांडण आहे ते त्या चित्रावरून आपण जो धडा घेतला त्याच्याशी.

तो चेंडू पडण्याआधी फलक काय दाखवत होता? ११ चेंडूंत ४ धावा. सहा गडी हातात, समोर युवराज. दोघांनी एकेक धाव पळून काढली असती तरी भरपूर चेंडू शिल्लक राहिले असते. म्हणजे भारतीय क्रिकेटमधला सर्वांत गाजलेला 'फिनिशिंग' फटका मारला गेला तेव्हा फिनिश करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. घोडं आधीच गंगेत न्हालेलं होतं, उरली होती ती आतषबाजी.

मग सामना संपवला कधी? माझ्या मते बाविसाव्या षटकात. ११४ धावांवर कोहली बाद झाला आणि पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवरून युवराजऐवजी धोनी उतरला. मुरलीधरन गोलंदाजी करत होता, खेळपट्टीवर डावखुरा गंभीर होता, आणि ऑफस्पिनरसमोर आणखी एक डावखुरा नको हा साधा हिशोब होता. त्या स्पर्धेत तोवर धोनीची बॅट फारशी बोललेली नव्हती, तरी त्याने ही जोखीम अंगावर घेतली. पुढे १०९ धावांची भागीदारी झाली. मुरलीधरनच्या आठ षटकांत ३९ धावा निघाल्या आणि त्याला एकही बळी मिळाला नाही. धोनीच्या ९१ धावांत ८ चौकार आणि २ षटकार, म्हणजे ४४ धावा सीमेपार. उरलेल्या ४७ त्याने पळून काढल्या. गंभीरच्या ९७ मध्ये तर ९ चौकारच, बाकी ६१ धावा पायांच्या. दमट रात्रीत, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, २७५ चा पाठलाग करताना या दोघांनी मिळून शंभराहून अधिक धावा पळून काढल्या. त्यांचा एकही फोटो कुठे टांगलेला मी पाहिलेला नाही. गंभीर ही तक्रार गेली कित्येक वर्षं पोटतिडकीने करतो आहे. त्याच्या बोलण्याची धार सोसत नाही म्हणून त्यातलं तथ्य नाकारायचं कारण नाही.

आता मी ज्या मताविरुद्ध लिहितो आहे ते त्याच्या बाजूने, शक्य तितकं सरळ मांडतो. ते असं: खरा फिनिशर सामना शेवटच्या षटकापर्यंत नेतो, कारण तिथे फलंदाजापेक्षा गोलंदाजावर दडपण जास्त असतं. त्याच्या डोक्यावर बर्फ असतो, तो जन्मजातच असावा लागतो. त्याच्याकडे हवा तेव्हा षटकार मारण्याची ताकद असते. आणि शेवटी तो नाबाद परततो. याच मताची दुसरी बाजूही असते, ती आपल्याकडे जरा दबक्या आवाजात सांगितली जाते. सचिन महान होता, पण फिनिशर नव्हता. सामने संपवणं त्याला जमलं नाही. टीव्हीवरच्या पंडितांपासून लोकलच्या दारात लटकणाऱ्यांपर्यंत हे मत इतकं रुळलं आहे की त्यावर कोणी पुरावा मागत नाही.

पुरावा मागायचा तर मायकेल बेव्हनपासून सुरुवात करावी लागते. फिनिशर ही जागा एकदिवसीय क्रिकेटमध्ये ज्याच्यामुळे ओळखली जाऊ लागली तो हा माणूस. २३२ सामने, ६९१२ धावा, सरासरी ५३.५८, आणि षटकार अवघे २१. पुन्हा वाचा, एकवीस, आणि तेही अख्ख्या कारकिर्दीत. आयपीएलच्या एका बऱ्या हंगामात आजचा फलंदाज एवढे मारून मोकळा होतो. षटकारांची ताकद ही फिनिशरची पहिली अट असेल, तर ज्याच्यामुळे हा शब्द रूढ झाला तोच परीक्षेत नापास.

१ जानेवारी १९९६, सिडनी. वेस्ट इंडिजविरुद्ध ४३ षटकांत १७३ हव्या आणि ऑस्ट्रेलिया ६ बाद ३८. अशा वेळी आजचा समालोचक 'आता दोन मोठी षटकं हवीत' म्हणेल. बेव्हनने मोठी षटकं शोधली नाहीत. त्याने क्षेत्ररक्षकांमधल्या फटी शोधल्या, एकाच्या दोन केल्या, तळाच्या फलंदाजांना धरून धरून नेलं. शेवटच्या चेंडूवर रॉजर हार्परला सरळ मारलेला चौकार सगळ्यांना आठवतो, कारण तेवढाच पुन:पुन्हा दाखवतात. त्याच्या नाबाद ७८ धावांना ८८ चेंडू लागले. आजच्या भाषेत हा 'स्ट्राइक रेटचा प्रॉब्लेम' आहे.

बेव्हनचा दुसरा डाव मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात निर्णायक घाव त्याचा नाहीच. २००३ चा विश्वचषक, पोर्ट एलिझाबेथ. इंग्लंडविरुद्ध २०५ हव्या, ऑस्ट्रेलिया ८ बाद १३५. समोर अँडी बिकेल, ज्याने त्याच दिवशी २० धावांत ७ बळी घेतले होते. दोन षटकं उरली असताना नासिर हुसेनने चेंडू तरुण अँडरसनच्या हाती दिला आणि त्याला षटकार मारला तो बिकेलने. बेव्हन नाबाद ७४, बिकेल नाबाद ३४. इथे नीट बघा, बेव्हनने काय केलं ते. दहाव्या क्रमांकाच्या माणसाला आज सूर सापडला आहे हे त्याने ओळखलं आणि त्याच्याकडून स्ट्राइक ओढून घेण्याचा हट्ट धरला नाही. सामना आपल्याच बॅटने संपला पाहिजे, ही भूक त्याला नव्हती. मोठ्या फिनिशरची ही खूण मला सगळ्यांत आधी दिसते. नेमकी तीच कोणत्याही आकड्यात पकडता येत नाही.

आता 'शेवटच्या षटकापर्यंत न्या' या सिद्धांताकडे येऊ. तो धोनीच्या नावावर खपतो, म्हणून धोनीचीच उदाहरणं घेऊ. ११ जुलै २०१३, पोर्ट ऑफ स्पेन, श्रीलंकेविरुद्ध अंतिम सामना. लक्ष्य २०२, भारताचे नऊ गडी बाद, समोर ईशांत शर्मा. शेवटच्या षटकात १५ हव्या आणि गोलंदाज तुलनेने नवखा इरंगा. पहिला चेंडू निर्धाव, मग षटकार, चौकार, षटकार. दोन चेंडू राखून विजय. अप्रतिम! पण इथे धोनीने सामना शेवटपर्यंत नेला तो हौसेने नव्हे. पलीकडे ईशांत असताना दुसरा मार्गच नव्हता. प्रतिस्पर्धी कर्णधाराची चांगली षटकं संपू द्यायची, उरलेल्यातला कच्चा गोलंदाज हेरायचा आणि तोवर ईशांतला जिवंत ठेवायचं. ती मजबुरी होती आणि तिचं त्याने सोनं केलं. आपण मात्र त्या मजबुरीचं तत्त्वज्ञान करून टाकलं.

त्याच्या आदल्या वर्षी ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २७० चा पाठलाग होता. गंभीरने ९२ करून पाया घातलेला, तरी सामना शेवटच्या षटकात १३ धावांपर्यंत ओढला गेला. धोनीने क्लिंट मकायला मारलेला तो अजस्र षटकार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. सामन्यानंतर गंभीरने, हा सामना एवढा ताणायला नको होता, अशा अर्थाचं बोलून दाखवलं आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. जिंकल्यावर असं बोलू नये, हा शिष्टाचार मान्य. पण गणित त्याच्याच बाजूने होतं. चाळिसाव्या षटकात घेतलेली जोखीम फसली तर सावरायला साठ चेंडू असतात. पन्नासाव्यात फसली तर काहीच नसतं. चेंडू जसजसे कमी होतात तसतसा प्रत्येक चेंडू महाग होत जातो. महिन्याचा किराणा वीस तारखेपर्यंत पुरवून बाकीचं 'बघू' म्हणणाऱ्या घरात तीस तारखेला जे होतं तेच इथे होतं. कधी कुणाकडून उसने मिळतात, कधी मिळत नाहीत.

मिळाले नाहीत ते सामने कोण मोजतं? ऑगस्ट २०१६, लॉडरहिल, अमेरिका. वेस्ट इंडिजच्या २४५ ला उत्तर देताना राहुल नाबाद ११०, शेवटच्या चेंडूवर २ हव्या आणि ब्राव्होच्या संथ चेंडूवर धोनी शॉर्ट थर्डमॅनला झेल देऊन बाद. एका धावेने हार. एप्रिल २०१९, आयपीएल, बेंगळुरू. शेवटच्या षटकात २६ हव्या असताना धोनीने उमेश यादवला झोडपून २४ काढल्या, ४८ चेंडूंत नाबाद ८४. पुन्हा एका धावेने हार. त्या सामन्यात अखेरच्या टप्प्यात त्याने एकेरी धावा नाकारल्या होत्या, आणि समोर कुणी अकरावा गडी नव्हता, ड्वेन ब्राव्होसारखा मारणारा होता. ज्या सामन्यात एका धावेने हरलो त्यात नाकारलेल्या एकेक धावेची किंमत काय, हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. तरी दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा झाली ती २४ धावांची.

एकेरी धाव नाकारणं नेहमीच चूक असतं असं मला म्हणायचं नाही. मे २०२१ मध्ये दिल्लीत मुंबईच्या पोलार्डने चेन्नईविरुद्ध ३४ चेंडूंत नाबाद ८७ करताना शेवटच्या षटकात धवल कुलकर्णीला स्ट्राइक दिला नाही आणि शेवटच्या चेंडूवर सामना काढला. धवलचा मान राखूनही तो निर्णय बरोबरच होता. समोर कोण आहे, यावर सगळं अवलंबून असतं. सिद्धांताचं पोथीवाचन करणाऱ्यांना समोरचा माणूस दिसत नाही, हे माझं म्हणणं.

आणि २०१९ चा ओल्ड ट्रॅफर्ड. २४० चा पाठलाग करताना ३ बाद ५, ४ बाद २४, ६ बाद ९२. मग जाडेजाच्या ५९ चेंडूंत ७७ आणि धोनीच्या ७२ चेंडूंत ५०. भागीदारी ११६ ची. या डावावरून आजही घराघरांत भांडणं होतात. माझा कौल सांगतो: पहिला बराच वेळ धोनी बरोबर होता, कारण सहा गडी गेल्यावर टिकून राहणं हेच काम होतं. पण जाडेजा बहरात असताना धावगती वाढत गेली आणि तिचा सगळा भार जाडेजाच्या बॅटवर पडला. तो बाद झाला त्या षटकाअखेर दोन षटकांत ३१ उरल्या होत्या. एवढी उधारी शेवटच्या दोन षटकांवर टाकायची वेळ येणं हेच फिनिशिंगमधलं अपयश होतं, पुढे गप्टिलची फेक यष्टींवर लागली की नाही हा नंतरचा प्रश्न. धोनीबद्दल आदर असलेल्या माणसाला हे म्हणताना जड जातं. पण धोनी मोठा का होता, हे त्याच्या भक्तांना नीट सांगता येत नाही ही खरी अडचण आहे. तो मोठा होता दोन यष्टींमधल्या धावांमुळे. लाँगऑनला हळूच ढकलून दुसरी धाव घेताना त्याने कित्येक उमद्या क्षेत्ररक्षकांना घाईत पाडलं. हेलिकॉप्टर त्यानंतरचं.

बर्फाच्या डोक्याचं काय? थंड डोक्याचा मारा म्हणावा तर १९९९ चा क्लूसनर. त्या विश्वचषकात त्याची सरासरी १४० च्या वर होती, मालिकावीर तोच. एजबॅस्टनच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या षटकात ९ हव्या असताना त्याने डेमियन फ्लेमिंगला पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार मारले. असे चौकार की क्षेत्ररक्षक हललेसुद्धा नाहीत. बरोबरी झाली. आता ४ चेंडूंत १ धाव. तिसऱ्या चेंडूवर डोनाल्ड धावबाद होता होता वाचला. चौथ्यावर क्लूसनर पळत सुटला, डोनाल्ड पाहतच राहिला, बॅट त्याच्या हातून पडली आणि सामना बरोबरीत सुटला. साखळीतल्या कामगिरीवर ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत. दोन चौकार मारणारे हात आणि एक धाव घेणारे पाय यांत किती अंतर असतं, हे त्या दोन चेंडूंत दिसलं. अवघड होतं ते त्याने केलं. राहिलं ते सोपं, आणि त्यासाठी समोरच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते.

याचीच दुसरी आवृत्ती २३ मार्च २०१६ ला बेंगळुरूत झाली, आणि ती आपल्या फायद्याची असल्यामुळे आपण तिच्याकडे करमणूक म्हणून पाहतो. बांगलादेशला हार्दिक पंड्याच्या शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या. एक धाव, मग मुशफिकुरचे लागोपाठ दोन चौकार. दुसऱ्या चौकारानंतर त्याने मूठ उगारून जल्लोषही उरकला. आता ३ चेंडूंत २. मुशफिकुर उंच मारायला गेला, झेलबाद. महमुदुल्लाह उंच मारायला गेला, झेलबाद. शेवटच्या चेंडूवर बॅटचा स्पर्श नाही, आणि आधीच उजव्या हातातला ग्लोव्ह काढून ठेवलेल्या धोनीने पळत येऊन यष्टी उडवली. हातातोंडाशी आलेला घास गेला. दोन्ही फलंदाज अनुभवी होते, घाबरट म्हणावेत असे नव्हते. त्यांना घात केला तो 'संपवावं तर षटकारानेच' या चित्राने. २००७ च्या जोहान्सबर्गमध्ये मिस्बाहनेही तेच केलं. ४ चेंडूंत ६ हव्या असताना जोगिंदर शर्माला यष्टीमागे उचलायला गेला आणि चेंडू श्रीशांतच्या हातात विसावला. त्या एका झेलावर आपण विश्वविजेते झालो, म्हणून त्या फटक्याला नावं ठेवायला आपली जीभ रेटत नाही.

उलट, ज्या फटक्यांच्या दंतकथा झाल्या त्यांच्या आधीचा चेंडू पाहावा. १९८६ ची शारजा, चेतन शर्मा, मियांदाद. आपल्या वडीलधाऱ्यांची ती भळभळती जखम. शेवटच्या चेंडूवर ४ हव्या होत्या आणि स्ट्राइकवर मियांदाद होता, तो कसा? पाचव्या चेंडूवर अकराव्या क्रमांकाच्या तौसिफ अहमदने चोरटी धाव घेतली म्हणून. अझरुद्दीनची फेक यष्टींवर लागली असती तर मियांदादचा षटकार झालाच नसता. २०२३ मध्ये अहमदाबादेत रिंकू सिंगने यश दयालला लागोपाठ पाच षटकार मारले. षटकात २९ हव्या होत्या आणि पहिल्या चेंडूवर एक धाव घेऊन रिंकूला स्ट्राइक देणारा होता आपल्या विदर्भाचा उमेश यादव. २०२२ च्या मेलबर्नला कोहलीने हारिस रौफला मारलेले दोन षटकार अजरामर आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण शेवटच्या चेंडूवर २ हव्या असताना अश्विनने लेगस्टंपबाहेर जाणारा चेंडू नुसता जाऊ दिला, वाइड मिळवला आणि मग मिडऑफवरून एक धाव ढकलली. नव्वद हजार लोक ओरडत असताना चेंडूला बॅट न लावण्याचा निर्णय! फिनिशिंगच्या वर्गात हा चेंडू आधी दाखवावा, रौफचे षटकार नंतर.

ईडन गार्डन्सवर २०१६ च्या अंतिम सामन्यात स्टोक्सला चार षटकार मारणारा ब्रेथवेट रातोरात जगाला माहीत झाला. दुसऱ्या टोकाला नाबाद ८५ करून उभा होता सॅम्युअल्स. सामनावीर तोच ठरला. परीक्षकांची अक्कल त्या रात्री शाबूत होती. आणि राहुल तेवतियाचं २०२० मधलं शारजा आठवा. त्याच्या २३ चेंडूंत १७ धावा झाल्या होत्या आणि सगळा देश त्याला परत बोलवा म्हणत होता. मग कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार आले आणि तो फिनिशर झाला. त्यातले दोन सीमेवर झेलले गेले असते तर त्याच खेळीला आपण काय म्हटलं असतं, ते उघड बोलायला नको. निकाल पाहून गुण देणं हे परीक्षण नव्हे, आयत्या पिठावर रेघोट्या आहेत.

नाबाद राहण्याच्या कौतुकाबद्दल थोडक्यात. धोनी २९७ डावांत ८४ वेळा, बेव्हन १९६ डावांत ६७ वेळा नाबाद. त्यामुळे पन्नाशीच्या वरची त्यांची सरासरी दर डावाला पाहिली तर साधारण ३६ आणि ३५ धावांवर येते. हे त्यांना कमी लेखायला सांगत नाही. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन एवढ्या धावा करणं सोपं नाही. पण सरासरीचा आकडा पुढे करून 'बघा, फिनिशर' म्हणणाऱ्यांनी त्या आकड्यात नाबाद राहण्याचा वाटा किती, हेही सांगावं.

आता सचिन. ३१ जानेवारी १९९९, चेन्नई. पाकिस्तानविरुद्ध २७१ हव्या, पाठीत कळा, आणि सचिन १३६ वर खेळत होता. १७ धावा उरल्या असताना सकलेनला उचलायला गेला आणि अक्रमने झेल घेतला. उरलेले तीन गडी चार धावांत गेले, १२ धावांनी हार. नोव्हेंबर २००९, हैदराबाद. ऑस्ट्रेलियाच्या ३५० समोर सचिन १७५, एकट्याने निम्म्या धावा. १९ उरल्या असताना पदार्पण करणाऱ्या मकायला पॅडल करायला गेला, झेलबाद. ३ धावांनी हार. या दोन सामन्यांवर 'सचिन फिनिशर नव्हता' हा अख्खा खटला उभा आहे.

चेन्नईचा तो फटका मी झाकत नाही. पाठ साथ देत नव्हती म्हणून त्याला लवकर संपवायचं होतं, हिशोब चुकला. पण आरोपपत्रात एकच नाव का? १७ धावांसाठी तीन गडी होते. त्यांच्याकडून चार आल्या. हैदराबादला सलामीला उतरून अठ्ठेचाळिसाव्या षटकापर्यंत खेळलेल्या माणसाला, शेवटची पायरी का चढला नाहीस, म्हणून विचारायचं आणि मधल्या फळीतल्या कोणालाच काही विचारायचं नाही, हा कुठला न्याय? शंभर पायऱ्यांतल्या पंच्याण्णव चढवणाऱ्याला गुण शून्य आणि उरलेल्या पाचांवर उडी मारणाऱ्याला पदवी, अशी ही परीक्षा आहे. आणि डिसेंबर २००८ मध्ये त्याच चेन्नईत इंग्लंडविरुद्ध ३८७ चा पाठलाग करताना सचिन नाबाद १०३ राहिला, विजयी धाव त्याच्याच बॅटमधून आली. हा सामना खटल्याच्या कागदपत्रांत कोणी लावत नाही.

मुंबईच्या जुन्या लोकांना यापेक्षा जुनं दुखणं ठाऊक आहे. मे १९९१, वानखेडे, रणजीचा अंतिम सामना, समोर कपिलचा हरियाणा. शेवटच्या दिवशी ३५५ चं लक्ष्य. सुरुवातीलाच तीन गडी गेले. अठरा वर्षांच्या सचिनने ७५ चेंडूंत ९६ कुटल्या. मग वेंगसरकर. पाय साथ देईना, म्हणून लालचंद राजपूत त्याच्यासाठी धावायला आला. नऊ गडी बाद झाल्यावर अकराव्या क्रमांकाच्या ॲबी कुरुविल्लाला घेऊन त्याने सामना अशा जागी आणला की ३ धावा उरल्या. आणि कुरुविल्ला धावबाद झाला. मुंबई ३५२. वेंगसरकर नाबाद १३९. कर्नल वेंगसरकर मैदानातच रडला. खडूस म्हणवणाऱ्या मुंबई क्रिकेटने त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी अंतिम सामने जिंकले, पण दादर-माटुंग्याच्या मैदानांवर म्हातारी मंडळी अजून बोलतात ती या हरलेल्या सामन्याबद्दल.

मला उत्तर हवं आहे ते इथे. वेंगसरकर त्या दिवशी फिनिशर होता की नव्हता? शेवटच्या षटकांपर्यंत त्याने सामना नेला, डोकं थंड ठेवलं, षटकार मारले, नाबाद राहिला. रूढ व्याख्येतली प्रत्येक अट पुरी. फक्त जिंकला नाही, कारण दुसऱ्या टोकाला एक धाव फसली. 'नव्हता' म्हणाल तर फिनिशर ठरवण्याचा अधिकार तुम्ही कुरुविल्लाच्या पायांना दिलात. 'होता' म्हणाल तर मग चेन्नईच्या सचिनला कोणत्या तोंडाने नापास करणार?

हा वाद नुसता पारावरचा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पण या व्याख्येवर आता संघ निवडले जातात. फिनिशर म्हणजे शेवटच्या पंधरा-वीस चेंडूंसाठी पाठवायचा माणूस, अशी जागाच तयार झाली आहे. २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअर आला आणि एक फलंदाज जास्तीचा मिळाल्यामुळे गडी जपण्याची गरज आणखी कमी झाली. पोरांच्या सरावात रेंज हिटिंगला तास मिळतो. ऑफस्पिनरला लाँगऑनकडे हलकेच ढकलून दुसरी धाव कशी काढायची, याला नाही. एवढं करून एकदिवसीय सामन्यात ४ बाद ९० अशी अवस्था झाली की पुन्हा आपणच विचारतो, आता डाव बांधणार कोण?

याच वानखेडेवर ७ नोव्हेंबर २०२३ ला अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१ होती, लक्ष्य २९२. मॅक्सवेलने पेटके आलेल्या पायांनी, जागच्या जागी उभं राहून नाबाद २०१ मारल्या. तो डाव अमानवी होता. त्यात शेवटचा षटकारही होता, म्हणजे आमच्या विरोधकांना हवं ते सगळं होतं. पण पॅट कमिन्सने ६८ चेंडू खेळून केलेल्या नाबाद १२ धावा काढून टाका आणि मग तो डाव उभा करून दाखवा. त्या ६८ चेंडूंत कमिन्सला एकदा तरी वाटलं असेल, आपणही एक उचलून बघावा. नाही बघितला. रशीद खान समोर असताना नाही बघितला.

आणि आपल्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर. १८ जानेवारी १९९८, ढाका, अंधारून आलेलं, ४८ षटकांत ३१५ हव्या. गांगुलीच्या १२४ आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवलेल्या रॉबिन सिंगच्या ८२ धावांनी सामना वर खेचून आणला. २ चेंडूंत ३ हव्या असताना कानिटकरने सकलेनला मिडविकेटकडे चौकार मारला आणि महाराष्ट्रात त्या रात्री फटाके वाजले. त्या चौकाराने त्याला अमर केलं. पुढे २०१०-११ मध्ये त्याने राजस्थानला पहिल्यांदा रणजी करंडक जिंकून दिला, पुढच्या वर्षी कर्णधार म्हणून तो राखला, आणि प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये दहा हजारांहून अधिक धावा केल्या. परवा एका प्रश्नमंजूषेत त्याच्यावर प्रश्न आला. कोणता असेल, ते तुम्ही ओळखलंच.